पंपाचा आवाज

बाबा, फरिदाबादच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात आता एक तळं आहे. तळं म्हटलं की तुमची भुवई वर जाईल, म्हणून आधीच सांगते, दोन खाटा शेजारी लावल्या तर जेवढी जागा व्यापतील तेवढंच आहे ते. थोडं खणलेलं, वर विटांचा गुडघ्याएवढा कठडा, आत जाड काळं रबरी कापड अंथरलेलं. त्यात पाणी आहे, पाण्यात मासे आहेत, आणि पाणी स्वच्छ राहावं म्हणून एक पंप, भिंतीलगत फिरवलेले पाईप आणि फिल्टर म्हणून एक निळा ड्रम आहे. हे सगळं तुमच्या जावयाने स्वतःच्या हाताने बसवलं. तो विमा कंपनीत क्लेम बघतो. लग्नाआधी त्याने नळाचा वायसरसुद्धा कधी बदलला नव्हता. शेजारी विचारतात, हे कुठून शिकलात, तर तो सरळ सांगतो, "मेरे ससुर जी से." तेव्हा मी तिथेच उभी असते. ससुर जींची मुलगी, जिला तुम्ही पाण्यातलं काहीही शिकवलं नाहीत.

मला जे वाटतं त्याला हेवा म्हणावं की मत्सर, हे ठरवायला मी लग्नात तुम्ही दिलेला शब्दकोश काढला. दोन्ही चालतील असं दिसतं. आणि हो, त्याचं बोलणं मी जसंच्या तसं हिंदीत लिहिणार आहे. माझं बोलणंही खरं तर हिंदीतच झालेलं आहे, कारण आम्ही दोघं घरात हिंदीतच बोलतो, पण माझा भाग मी मराठीत करून लिहिते. माझी हिंदी तुम्ही वाचणार नाही.

आई गेल्यावर तुम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं बाकीचं सामान वाटून टाकून मयूर विहारच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात. मला वाटलं होतं, आता आपण दोघं बोलू. घरात तिसरं मराठी माणूस नाही, म्हणजे बोलावंच लागेल. पण तुम्ही सकाळी पेपर वाचायचात, मी डबे भरायचे, "येते बाबा" म्हटलं की तुम्ही खिडकीबाहेर बघून "छत्री असू दे" म्हणायचात आणि दिवस संपायचा. एका शनिवारी मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून लवकर निघाले. किल्लीने दार उघडलं तर बाल्कनीतून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. मोठं, पोटातून आलेलं, मध्येच ठसका लागून पुन्हा सुरू होणारं. पाहुणे आलेत असं वाटून मी ओढणी सारखी केली आणि चहाला किती पाणी ठेवायचं ते बघायला बाल्कनीत डोकावले. पाहुणे नव्हतेच. तुम्ही होतात. स्टुलावर बसून, बाह्या कोपरापर्यंत सारून, दोन्ही हात एका प्लास्टिकच्या टबात. टबात बोटाएवढे चार मासे आणि एक छोटा पंप होता, आणि हा तुमच्या समोर फरशीवर मांडी घालून बसला होता. तुम्ही त्याला सांगत होतात की पंपात हवा अडकली आहे, म्हणून "पंप का आवाज आता है." तो म्हणाला, "आता नहीं पापाजी, आती है. आवाज़ आती है." आणि तुम्ही म्हणालात, "अरे यार, हमारे यहाँ तो आवाज मर्द है." त्यावर तुम्ही दोघं पुन्हा हसलात, आणि त्याने टबातलं पाणी हाताने तुमच्यावर उडवलं, आणि तुम्ही ते उडवू दिलंत.

यार. हा शब्द तुमच्या तोंडून येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मी दारात उभी आहे हे लक्षात आल्यावर तुम्ही हसणं आवरलंत, ओले हात पंच्याला पुसलेत आणि म्हणालात, "आलीस? आज लवकर." मी हो म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघरात उभं राहून मी ऐकत होते. तुम्ही पुन्हा हिंदीत सुरू झाला होतात. ती हिंदी काही फार बरी नव्हती, लिंग चुकत होतं, "मेरेको" येत होतं, पण ती चालत होती, पळत होती. त्या भाषेत तुम्ही दुसरेच कुणी होतात. गोष्टी सांगणारे, साहेबांच्या नकला करणारे, स्वतःच्या फजितीवर हसणारे. मी उभ्या आयुष्यात त्या माणसाला भेटले नव्हते.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये नियम होता, दाराबाहेर हिंदी, दाराच्या आत मराठी. तुम्ही सरकारी वसाहतींच्या पाण्याच्या लाइनी बघणारे इंजिनियर, वर्षातले निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या खड्ड्यापाशी उभे, आणि घरी आलात की भाषेतल्या गळत्या शोधायचात. वर्गात माझ्याशिवाय मराठी एकही नव्हतं. खेळायला खाली गेले की बंगाली, तमिळ, गढवाली मुलं आणि सगळ्यांची मिळून हिंदी. त्यामुळे माझ्या तोंडात जे यायचं ते अर्धं तिकडचं असायचं. एकदा स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तुम्ही ओट्याखाली अर्धे आत शिरला होतात आणि मी टॉर्च धरून उभी होते. मला ते फार आवडलं होतं, तुमच्या कामात मला जागा मिळाली होती. मी विचारलं, "बाबा, पानी आता कहाँ से है?" तुम्ही आतूनच म्हणालात, "मराठीत विचार." मी जुळवाजुळव करून म्हटलं, "पाणी कुठून येती?" तुम्ही म्हणालात, "येतं." मी म्हटलं, "येतं." तोवर वायसर बसला होता. तुम्ही बाहेर आलात, नळ उघडून पाहिलात, हात पुसलेत, टॉर्च माझ्या हातातून घेऊन बंद केलात आणि निघून गेलात. माझं वाक्य बरोबर झालं होतं, उत्तर तेवढं राहिलं. नंतर मी विचारणंच कमी केलं. तुमच्याशी बोलायचं तर आधी मनात वाक्य तपासून घ्यायचं, आणि तपासून होईपर्यंत बहुतेक वेळा बोलायची वेळ निघून जायची.

परवा कालिंदी कुंजच्या पुलावरून गाडीने जाताना याने मला यमुनेतून पाणी कसं उचलतात, कुठे गाळतात, तुरटी कुठे टाकतात, आणि लक्ष्मीबाई नगरच्या टाकीपर्यंत ते कसं यायचं, ते सगळं सांगितलं. तुम्ही त्याला एका दुपारी बाल्कनीत सांगितलं होतं म्हणे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याच प्रश्नाचं उत्तर तो मला सांगत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

शेवटच्या वर्षी तुम्ही तुमचा लांब दांड्याचा पाईप-पान्हा त्याला दिलात. ज्याला मी हात लावला की "पायावर पडेल, ठेव" असं ओरडायचात तो. मला शब्दकोश दिला होतात, "मराठी गंजू देऊ नकोस" म्हणून. लग्नात आलेल्या मिक्सर आणि चादरींमध्ये तो ठोकळा बघून माझ्या मैत्रिणी हसल्या होत्या. मी त्यांच्यावर चिडले होते. पण त्याच्या हातात पान्हा बघितला तेव्हा मला वाटलं, त्या हसल्या ते बरोबरच होतं.

तुम्ही गेलात, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. बाल्कनीतला टब त्याने सांभाळला. मासे एकेक करून गेले, एक उरला, तुम्ही ज्याला "बड़े साहब" म्हणायचात तो, नारिंगी, पोटावर पांढरा डाग असलेला. साहब म्हणजे तुमचे कुणी वरिष्ठ होते, त्यांच्यासारखा हा तोंड उघडतो आणि मिटतो पण बोलत काही नाही, असं तुम्ही म्हणायचात. हेही मला त्याच्याकडूनच कळलं. गेल्या वर्षी आम्ही फरिदाबादला तळमजल्यावर आलो, मागे अंगण मिळालं, तेव्हा तो पहिल्या दिवशीच टब हातात घेऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "अब बड़े साहब को बंगला मिलेगा. पापाजी की बड़ी इच्छा थी." तुमची इच्छा. मला वाटत होतं तुम्हाला कसली इच्छाच नाही.

हिवाळाभर काम चाललं. दर रविवारी तो स्वेटरच्या बाह्या वर करून अंगणात असायचा. खड्ड्याच्या तळाशी जुनी पांघरुणं अंथरली, खडा टोचून रबर फाटू नये म्हणून. हे पापाजींनी सांगितलेलं. पाईपचे सांधे आधी कोरडेच जोडून बघायचे, सगळं जमलं की मगच चिकटवायचं सोल्युशन लावायचं. हेही पापाजींनी. शक्यतो काटकोनी एल्बो टाळायचे, पाण्याला सावकाश वळू द्यायचं. पापाजी. फिल्टरचा स्पंज कधी नळाखाली खसखसून धुवायचा नाही, तळ्याच्याच पाण्यात हलका खंगाळायचा, कारण पाणी साफ ठेवणारे जंतू त्याच स्पंजात राहतात आणि नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने ते मरतात. पापाजी कहते थे. मी चहा घेऊन जायचे, ऐकायचे आणि कप परत आणायचे. ऑफिसात मी माणसांचे हिशेब तपासते, कुणी खोटं बिल लावलं तर मला वासाने कळतं. या बाबतीत माझ्याकडे तपासायला काहीच नव्हतं. तुम्ही काय म्हणायचात ते सगळं त्याच्या जवळ, आणि माझ्या जवळ फक्त "येती" नव्हे, "येतं".

फेब्रुवारीत फिल्टर बसवायची वेळ आली. त्याने तळ्याच्या कडेला विटांचा ओटा रचून त्यावर निळा ड्रम ठेवला होता. पंप तळ्यातलं पाणी वर ड्रममध्ये चढवणार, ड्रममधल्या जाळ्यांतून आणि स्पंजांतून गाळून ते आपलं आपण खाली तळ्यात पडणार. पाईप चिकटवून झाले होते. तो मला दाखवत होता. "पापाजी कहते थे, पहले ये सोचो कि बिजली गई तो क्या होगा. ड्रम ऊपर है तो पंप रुकेगा और बस. तालाब का पानी तालाब में, ड्रम का ड्रम में."

मी म्हटलं, "मला तर बाबा उलटं म्हणाले होते."

तो थांबला. "क्या?"

"ड्रम खाली ठेवायचा. गाळ खाली बसतो, मग गाळणंही खालीच हवं. पाणी आपलं आपण ड्रममध्ये उतरेल, आणि पंप फक्त स्वच्छ झालेलं पाणी वर टाकेल."

"कब कहा था?"

"मी लहान होते तेव्हा. क्वार्टरमध्ये."

बाबा, ते मी तिथे उभ्याउभ्या रचलं. हातात चहाचे कप होते. ते इतकं सहज आलं आणि इतकं तुमच्यासारखं वाटलं की क्षणभर मलाच शंका आली, तुम्ही म्हणालाही असाल. तो ड्रमकडे बघत राहिला. मग म्हणाला, "और बिजली गई तो?" मी म्हटलं, "इन्व्हर्टर आहे ना." त्याने पान्हा कठड्यावर ठेवला, चहा घेतला, सावकाश प्यायला आणि म्हणाला, "ठीक है. पापाजी ने कहा है तो कुछ सोच के ही कहा होगा."

चिकटवलेला सांधा सुटत नाही, तो कापावा लागतो. त्याने हॅक्सॉ घेऊन सगळे पाईप कापले. तळ्याच्या बुडाशी रबराला भोक पाडून जाळी आणि पाईप बसवला, मागच्या गल्लीच्या बाजूला जिथे अंगण उतरतं तिथे खड्डा करून ड्रम खाली घेतला, ड्रम भरून वाहू लागला तर पाणी गल्लीतल्या नाल्यात जावं म्हणून एक पाईप तिकडे काढला. सगळ्यात कठीण होतं ते मोजमाप. तळ्यातून जेवढं पाणी ड्रममध्ये उतरतं तेवढंच पंपाने वर टाकायला हवं, नाही तर तळं तरी रिकामं होईल किंवा ड्रम तरी. एक अख्खा रविवार तो व्हॉल्व्हच्या चाकापाशी उकिडवा बसून ते केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होता. मी खिडकीतून बघत होते. खरं काय ते मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण मला बरं वाटत होतं, बाबा. शेजारचे गृहस्थ बघायला आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "ये फिल्टर वाला आइडिया इनका है. पापाजी ने इनको बताया था." त्या गृहस्थांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सरबत केलं.

मार्च, एप्रिल, मे सगळं चाललं. पाणी आधी हिरवं झालं, मग हळूहळू निवळलं, तळाची काळी घडी दिसायला लागली. बड़े साहबसोबत सोडलेले नवे मासे मोठे झाले. संध्याकाळी आम्ही दोघं कठड्यावर बसायचो आणि तो कधी कधी माझ्याकडे बघायचा, जणू मी आणखी काही सांगेन. मी सांगितलं नाही. एकच खोटं टिकवणं पुरे होतं.

जूनमध्ये आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी आम्ही निघालो तेव्हा वीज गेलेलीच होती, पण इन्व्हर्टर चालू होता आणि येईल तासाभरात, असं सगळेच म्हणत होते. ती आली नाही. दुपारी कधी तरी इन्व्हर्टर संपला, पंप थांबला, आणि तळ्याचं पाणी मात्र उतरत राहिलं, तळ्यातून ड्रममध्ये, ड्रममधून नाल्यात, कुणी अडवायला नव्हतं. मी मेट्रोतून उतरून घरी आले तेव्हा तो माझ्या आधी पोचला होता. ऑफिसच्या कपड्यांत, बूट काढून, तळ्यात उतरलेला. पाणी घोट्याएवढंही नव्हतं, आणि जे होतं ते ऊन होतं. नवे मासे त्या थरात आडवे होऊन फडफडत होते. आम्ही बादल्या, पातेली, कुकरसुद्धा आणला. ते सगळे हाती लागले, जमिनीखालच्या टाकीतल्या गार पाण्यात टाकल्यावर हळूहळू सरळ झाले. बड़े साहब मोठा असल्याने जड होता. तो बुडाच्या जाळीवर ओढला जाऊन तिथेच चिकटून राहिला होता. याने त्याला दोन्ही हातांनी सोडवलं, बादलीत धरून पुढेमागे हलवलं, तोंडातून पाणी जावं म्हणून. बराच वेळ हलवत होता. मग थांबला.

त्याने त्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. मी बाजूला उभी होते. माती थापता थापता तो म्हणाला, "मेरी गलती है. पापाजी का मतलब कुछ और रहा होगा, मैंने ठीक से समझा नहीं."

हे मला ऐकवलं नाही. मी म्हटलं, "बाबांनी असं काही म्हटलंच नव्हतं. मी बनवून सांगितलं."

तो नळाखाली हात धुवत होता. वळला नाही. "पता है," म्हणाला.

"केव्हापासून?"

"उसी दिन से. पापाजी बिजली के भरोसे चलने वाला फिल्टर बताते ही नहीं. वो तो पंखे पर भी भरोसा नहीं करते थे."

"मग केलंस कशाला?"

त्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले. "इतने सालों में तूने पहली बार उनकी कोई बात सुनाई थी. मैं मना कैसे करता?"

मला माहीत आहे, इथे मला भरून यायला हवं होतं. नाही आलं. मला राग आला. त्याच्या चांगुलपणाचा नव्हे. तुमचं म्हणून सांगितलेलं एक खोटं वाक्य त्याने ऐकताक्षणी ओळखलं, याचा. दुसऱ्या कुणी येऊन मला तुमचं खोटं वाक्य सांगितलं असतं तर मला ओळखता आलं नसतं. मी आत गेले, भांडी घासायला घेतली, घासलेलीच पुन्हा घासली. तो मागून येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. मग मी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, "माझ्याबद्दल काही बोलायचे का रे ते? तुमच्या त्या बाल्कनीत?"

तो खरंच आठवून बघत होता, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "नहीं," म्हणाला. "ज़्यादातर पानी की ही बात होती थी." मग पुन्हा म्हणाला, "नहीं. याद नहीं आता."

खोटं बोलणं त्याला सोपं होतं. बापलेकीच्या गोष्टीत जे असतं तसं काही तरी त्याने सांगितलं असतं, तुम्ही माझा फोटो काढून बघायचात वगैरे, तर मी विश्वास ठेवला असता आणि आयुष्यभर त्याच्यावर जळले असते की ते शब्द त्याच्याकडे होते आणि माझ्याकडे नव्हते. नाही म्हणाला म्हणून निदान तेवढं तरी वाचलं. तुम्ही माझ्याबद्दल मराठीत बोलला नाहीत आणि हिंदीतही बोलला नाहीत. मी भांडी ठेवली आणि आम्ही वरणभात खाल्ला.

पुढच्या रविवारी ऊन चढायच्या आत आम्ही दोघांनी मिळून सगळं पुन्हा बसवलं. ऑफिसचे कपडे नाहीत, चहा देऊन परत जाणं नाही, मी कामाला होते. बुडाचं भोक रबराचं ठिगळ चिकटवून बंद केलं, ड्रम पुन्हा ओट्यावर आला. ओटा सरळ आहे की नाही हे बघायला तो पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. एक टोक मी धरलं, एक त्याने, आणि दोन्हीकडचं पाणी थांबेपर्यंत गप्प उभं राहायचं. सोल्युशन मी लावलं. पाईप आत सारताना थोडा पिळायचा असतो, म्हणजे सगळीकडे सारखं लागतं. हे त्याने सांगितलं आणि कुणी सांगितलं ते या वेळी म्हणाला नाही. ते मला जास्तच झोंबलं. पंप सुरू केला तर खडखडायला लागला. तो पाण्यात हात घालणार एवढ्यात मी घातला, पंप तिरका केला, अडकलेली हवा फुगे होऊन वर आली आणि आवाज गेला.

मग कठड्यावर बसलो असताना तो म्हणाला, "अब सच वाली कोई बात सुना."

मी पुस्तकाची सांगितली. मी दुसरीत असेन, रडत घरी आले आणि म्हटलं, "बाबा, माझी पुस्तक हरवली." तुम्ही म्हणालात, "माझं पुस्तक हरवलं." मी हुंदके देत म्हटलं, "माझी पुस्तक." तुम्ही म्हणालात, "माझं." असं करत करत मी रडणं विसरले आणि माझं पुस्तक हरवलं, माझं पुस्तक हरवलं असं घोकत झोपायला गेले. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं तो हळहळेल. तो हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि मग डोळे पुसत त्याने विचारलं, "पर कौन सी किताब थी?"

मला आठवलं नाही, बाबा. तेव्हा कुणी विचारलं नाही, म्हणून मीही लक्षात ठेवलं नसेल.

पंधरवड्याने त्याचा ऑफिसातला मित्र तळं बघायला आला. मी भजी तळत होते आणि खिडकीतून ऐकू येत होतं. "हमारे पापाजी ऐसे थे," हा सांगत होता, "बच्ची रो रही है कि किताब खो गई, और वो ग्रामर ठीक कर रहे हैं." मित्र हसला. तो छान सांगतो, माझ्यापेक्षा छान. तुमचा आवाजसुद्धा काढतो, मराठी वाक्य अगदी तुमच्या पट्टीत म्हणतो. मी भज्यांचं ताट घेऊन बाहेर गेले तेव्हा तो मित्र मला म्हणाला, "भाभी, आपके ससुर जी बड़े मज़ेदार आदमी थे." कुणीच त्याला दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही. चटणी पुढे केली.

त्या दिवसापासून मी जपून आहे. तो विचारतो, मी सांगते, पण निवडून सांगते. पावसाळा संपत आला आहे, तळं काठोकाठ आहे, वीज जाते आणि येते आणि पाणी जिथल्या तिथे राहतं. नव्या माशांतला एक त्याने बड़े साहबच्या जागी नेमायचं म्हटलं, मी नको म्हटलं. तो माझ्याशी तुमच्याबद्दल बोलतो आणि मी ऐकते, पूर्वीसारखी कप घेऊन आत जात नाही. तरी रोज थोडं जळतंच. जाईल असं वाटत नाही, आणि गेलं तर तुमचं माझ्याकडे काय उरेल हेही मला नीट सांगता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. जेवणाच्या टेबलावर पडेल, मग कुठल्या तरी खणात जाईल. तुमची माझी एक गोष्ट आहे, एकाच संध्याकाळची, तुम्ही माझ्याशी बोललात ती. ती मी त्याला सांगितलेली नाही. इथे लिहावी म्हणून आज बसले होते, पण लिहीत नाही. मराठी त्याला फारशी कळत नसली तरी अक्षरं तीच आहेत, लावून लावून वाचेल.